रैनूचं वळण

त्या खांबाला शिव्या द्यायचा हक्क फक्त मला आहे. मी तो उभा केलाय, मी तो पुसते आणि पावसाळ्यात त्याच्या पोटात मुंग्या शिरल्या की मीच त्यांना बाहेर काढते. बाकीच्यांनी तोंड सांभाळून बोलावं. पण खाणीचे ड्रायव्हर कुठले तोंड सांभाळायला! जाता जाता खिडकीतून तंबाखूचा खर्रा थुंकतात त्याच्यावर. एकानं तर खाली उतरून चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं ठोकूनही पाहिलं. खांबाचा टवकासुद्धा उडाला नाही, टॉमी मात्र त्याच्याच पायावर पडली. मला फार बरं वाटलं.

मी जैनी पुंगाटी. आयटीआय करून रस्ते खात्यात लागले. या भागातल्या सगळ्या वेगखांबांची देखभाल माझ्याकडे आहे, आणि त्यातला एक माझ्याच गावात, कोवेमेट्ट्यात, वळणावर उभा आहे. आम्ही माडिया. आपसात माडियातच बोलतो, तुमच्यासाठी मराठीत सांगते आहे. समजून घ्या, नाही घेतलंत तरी चालेल.

खांब यायच्या आधी त्या जागी पत्र्याची पाटी होती. 'वेगमर्यादा २०. पुढे वस्ती आहे.' ती पाटी फक्त माकडांच्या उपयोगाची होती, बसायला. वरच्या डोंगरातून लोखंडाची माती भरलेले ट्रक एकामागून एक सुटायचे, आणि खाली आमच्या वळणावर कोंबडी, बकरी, माणूस जे काही सापडेल ते सापडायचं. आमच्यासारख्या बऱ्याच गावांनी कोर्टात वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा कुठं दोन हजार सदतीस साली कायदा झाला. आदिवासी ग्रामसभेच्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनांचा वेग ती ग्रामसभा ठरवेल, आणि तो नुसता पाटीवर राहणार नाही, वाहनाला पाळावाच लागेल.

पाळायला लावतो तो खांब. तो रेडिओवरून एकच गोष्ट बोलत राहतो, इथं इतकाच वेग. ट्रकच्या इंजिनात कारखान्यातच एक नियामक बसवलेला असतो, तो ते ऐकतो. मग ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी काही होत नाही. गाडी दुरूनच, धक्का न देता, मंदावत येते. रुग्णवाहिकेला खांब अडवत नाही, एसटीला वेगळा आकडा सांगतो. आमचं भांडण फक्त खनिजाच्या ट्रकांशी होतं, आणि त्यांच्यासाठी आम्ही आकडा ठरवला पंधरा.

आता हा आकडा बदलायचा तर किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे एक भलीमोठी संख्या, आणि ती कुणा एकाच्या खिशात ठेवलेली नाही. तिचे तुकडे केलेत. गावातल्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या वाट्याला एक तुकडा, आणि तो तुकडा त्याच्या आवाजानं उघडतो. माणसानं खांबावर तळहात ठेवून बोलायचं. आवाज हवेतून खांबाच्या कानात जातो आणि हाडांमधून हातावाटे खांबाच्या अंगातही जातो. दोन्ही जुळले तरच तुकडा खुला होतो. मोबाइलमधला आवाज तिथं चालत नाही, कारण मोबाइलला हाडं नसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लागतात त्यातला एक जरी तुकडा कमी पडला तर बाकीच्यांच्या हातात बरीचशी किल्ली उरते असं नाही. काहीच उरत नाही. नुसता आकड्यांचा पाचोळा.

दुसऱ्या गावांनी निम्म्याहून जास्त तुकडे पुरेत असं ठरवून घेतलं. आमच्या गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, ऐकून घेतलं आणि मान हलवली. लालसू गायता सभेचा मोठा माणूस, पण स्वतः कमी बोलतो. "आमच्या सभेत डोकी मोजत नाई," तो म्हणाला. "एक जन बी नाराज असला तं सभा सपली नाई." हे खरंच आहे. आमच्याकडे सगळ्यांचं एक झाल्याशिवाय सभेचा भात चुलीवर चढत नाही. कधी कधी सभा दिवसभर उपाशी बसते. म्हणून आमच्या खांबाला सगळेच तुकडे लागतात.

आणि त्यातला एक तुकडा हेमराज लांजेवारकडे आहे.

हेमराज माडिया नाही, आमच्या गावचाही नाही. तो भंडाऱ्याकडचा, खाणीचा ड्रायव्हर. खांब यायच्या आधी याच वळणावर त्यानं माझ्या भावाला मारलं. रैनू बैल घेऊन रस्ता ओलांडत होता. भरलेला ट्रक उतारावरून आला. बैल वाचला, रैनू नाही. तेव्हापासून या जागेला सगळे रैनूचं वळण म्हणतात. तिथं त्याचा दगड उभा केलाय, त्याच्या शेजारीच खांब आहे.

आमच्या गावात एक जुनी रीत आहे. दुसऱ्या गावांत असेल नसेल, मला माहीत नाही. ज्याच्या हातून माणूस मेला, त्यानं त्या माणसाच्या जागेवर बसायचं. सरकारला काय शिक्षा द्यायची ती देऊ दे, पण त्यानंतर जागा रिकामी राहता कामा नये. मेलेल्याचं वावर यानं करायचं, त्याच्या आईला लाकडं आणायची, सभेत त्याच्या जागेवर मांडी घालायची. मला वाटलं होतं, हेमराज जेलमधून सुटला की भंडाऱ्याची बस पकडेल. तो एक पिशवी घेऊन आमच्या दारात येऊन उभा राहिला. बायको सोडून गेली होती म्हणे त्याला. मी विचारलं नाही. अव्वानं, माझ्या आईनं, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि मी घराच्या मागच्या दारानं निघून गेले.

तेव्हापासून तो रैनूचं वावर करतो. अव्वा त्यानं आणलेल्या लाकडांवर रांधते आणि त्याला जेवू घालते. मी माझ्या नवऱ्याबरोबर शेजारच्याच घरात राहते आणि त्याच्याशी बोलत नाही. खांबासाठी आवाज भरून घेताना गावानं सांगितलं, रैनूच्या जागेवर तो बसतो, तर रैनूचा तुकडा त्याला दे. मी भांडले. तुम्ही खुन्याच्या हातात किल्ली देताय, म्हटलं. कुणी ऐकलं नाही. शेवटी तो खांबापाशी आला, हात ठेवला, आणि मला म्हणावं लागलं, "बोल."

"मी हेमराज लांजेवार," तो म्हणाला. "रैनूच्या जागेवर."

तेवढा एकच शब्द मी त्याच्याशी बोलले होते. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

*

उन्हाळ्याच्या शेवटी खाणीच्या वाकणकर मॅडम आल्या. गावांशी बोलणी करायला खाणीनं त्यांना ठेवलंय. हसऱ्या बाई. सगळ्यांना नावानं ओळखतात, येताना बिस्किटांचे पुडे आणतात. मला असल्या माणसांची भीती वाटते, शिव्या देणाऱ्यांची वाटत नाही.

गोटुलाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, अंगणात सभा बसली. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी थेट आमच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवला. "तुमच्या नाल्यावर खाण पूल बांधून देईल. पक्का. पावसाळ्यातसुद्धा रुग्णवाहिका दारापर्यंत येईल."

सभेत कुजबुज सुरू झाली. आमच्या आणि मोठ्या रस्त्याच्या मधून नाला वाहतो. बाकीच्या दिवसांत त्यातून सायकल जाते. पाऊस लागला की गाव तुटतं. मग आजारी माणसाला खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे न्यायचं. सरकारकडे पूल मागून मागून आमची एक पिढी म्हातारी झाली. ट्रकांचा रस्ता वेगळ्या बाजूनं येतो, त्यांना नाला आडवा येत नाही, म्हणून खाणीलाही कधी पूल सुचला नव्हता. त्या रस्त्यानं दवाखाना गाठायचा तर डोंगराला अर्ध्या दिवसाचा वळसा पडतो.

"आमची एकच विनंती," मॅडम म्हणाल्या. "वळणावरचा वेग पन्नास करा. पंधरामुळे सगळी रांग तुंबते. भरलेली गाडी मंदावली की पुढचा चढ चढायला तिला किती वेळ लागतो, तुम्ही रोज बघताच."

"आनि मानसं?" लालसू गायत्यानं विचारलं.

"आता जुने ट्रक राहिलेत कुठे, गायता? नव्या ट्रकांना डोळे आहेत. अंधारात, धुक्यात, झाडाआडचा माणूससुद्धा त्यांना दिसतो. पापणी लवायच्या आत ब्रेक लागतो."

मी उठले. "मॅडम, ट्रकला किती लवकर दिसतं ते सांगितलंत. थांबायला किती जागा लागते तेही सांगा की."

"ते परिस्थितीवर अवलंबून असतं, जैनीताई."

"ते वेगावर अवलंबून असतं," मी म्हटलं आणि सभेकडे वळले. "वेग दुप्पट केला तर थांबायला लागणारी जागा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. पंधराचा पन्नास केला तर अकरापट. ट्रक कितीही शहाणा झाला तरी त्याच्या पाठीवरची माती शहाणी होत नाही. तिला पुढंच जायचं असतं."

मॅडम हसल्या. "गणित तुमचं बरोबर आहे. पण पुलाचंही गणित करा ना."

ते गणित गावानं केलं. एकेक जण हो म्हणू लागला. अव्वासुद्धा म्हणाली, पूल पाहिजे. लालसू गायत्यानं विचारलं, "कोन नाराज हाय?" मी म्हटलं, मी. दुसरं कुणी उठलं नाही. हेमराज रैनूच्या जागेवर मान खाली घालून काडीनं माती उकरत होता, तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. एक नाही आलं की पुढं विचारायचं कारण उरत नाही. सभा उठली. भात चढला नाही. तांदूळ परत पोत्यात ओतल्याचा आवाज मी ऐकला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलेलंही मला कळलं.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. हापशीवर मी गेले की बायका घागरी उचलून निघायच्या. कुम्मे तेवढी निघाली नाही. तिची सून, मासे, पोटुशी होती आणि पावसाळ्यातच बाळंत होणार होती.

"तुहा भाऊ मेला, आमाले बी दुःख हाय," कुम्मे म्हणाली. "पन मेलेल्यासाठी तू जितीले मारतं का? माह्या सुनेले खाटेवर घालून पान्यातून नेऊ का मी?"

"पूल सरकारनं द्यायचा असतो, कुम्मे. आपला जीव गहाण ठेवून घ्यायचा नसतो."

"सरकार!" ती थुंकली. "सरकार काय येते खाट उचलाले?"

मी घागर भरली आणि निघाले. राग तिच्यावर येत नव्हता, म्हणून जास्तच राग येत होता.

घरी वत्ते होता. माझा नवरा वत्ते खाणीचाच ट्रक चालवतो. त्याचं गाव दुसरं, त्याचा तुकडा त्याच्या गावच्या खांबात. आमच्या सभेत त्याला बोलता येत नाही, म्हणून तो सगळं घरात बोलायचा.

"तुला माहिताय का, मुकादम मला काय म्हणतो? बायकोला आवरता येत नाही तर गाडी काय आवरशील."

"मग त्याला सांग, गाडी माझी बायकोच आवरते."

"थट्टा नको करू, जैनी. रैनू गेला, मला कमी वाईट वाटलं? आता मरेपर्यंत आम्ही पंधरानंच जायचं का?"

"हो."

"अन् त्या हेमराजला काही बोलत नाहीस! ज्यानं मारलं तो तुझ्या आईच्या ताटात जेवतो. राग काढते तो माझ्यावर."

खरं होतं ते. पण खरं बोललं की माणूस गप्प बसतोच असं नाही. मीही त्याला बरंच ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं अंथरुणाची वळकटी केली आणि खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला.

मग वाकणकर मॅडम माझ्या घरी आल्या. चहा घेतला, चांगला झालाय म्हणाल्या. "जैनीताई, तुम्ही एकट्याच उरलात. लांजेवारशी आमचं बोलणं झालंय. त्याचं लायसन परत मिळवून देतोय, पुन्हा गाडीवर घेतोय. शेवटी आमचाच माणूस तो."

मी कप खाली ठेवला. मला धक्का बसला नाही, उलट आतून गार वाटलं. इतकी वर्षं मी म्हणत होते, हा खुनी आहे, हा रैनूच्या जागेवर शोभत नाही. आता तो ते स्वतःच सिद्ध करणार होता. लायसनसाठी रैनूचं वळण विकणार होता. अव्वाला हे कधी एकदा कळतंय असं मला झालं.

*

पाऊस आला आणि मासेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

भर दुपारची वेळ होती. रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली, लाल दिवा फिरत होता, आणि मध्ये पिवळं पाणी धावत होतं. आम्ही खाट उचलली. पुढच्या बाजूला हेमराज होता, कारण गावात तोच सगळ्यात उंच. खाटेच्या त्याच बाजूच्या मागच्या पायाला मी. मी पाण्यात त्याच्यामागून चालत होते आणि मला फक्त त्याची मान दिसत होती. पाणी पोटाला लागलं, मग छातीला. मध्यावर मासे इतक्या जोरात ओरडली की खाट हलली, आणि आम्हाला थांबावं लागलं. हात वर, खाट वर, पायाखालची वाळू सरकतेय, आणि ती वर रक्तात. कुम्मे काठावरून तिच्या नावानं हाका मारत होती. आम्ही तिथं किती वेळ उभे होतो, मला सांगता येणार नाही.

मासे वाचली. बाळ रुग्णवाहिकेत झालं. ते रडलं नाही.

मी कुम्मेच्या दाराशी गेले तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मी म्हटलं, "कुम्मे, मी हो म्हणते."

तिनं वर बघितलं नाही. "आता कायले?" एवढंच म्हणाली आणि पाखडत राहिली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

पाऊस उघडला तशी दुसरी सभा बसली, या वेळी वळणावरच, खांबापाशी. लालसू गायत्यानं आधी रैनूच्या दगडापुढं मोहाची दारू शिंपडली. वाकणकर मॅडम छत्री घेऊन बाजूला उभ्या. चूल मांडली होती, लाकडं रचली होती, पण पेटवली नव्हती. तांदूळ धुऊन तयार होता. ज्याचा तुकडा खुला होईल त्याचा एक हिरवा ठिपका खांबाच्या कपाळावर उमटतो. सगळे ठिपके उमटले की किल्ली तयार. सूर्य मावळेपर्यंत एकही राहिला तर सगळे पुसले जातात.

लोक एकेक करून आले, हात ठेवला, पन्नासला हो म्हणाले. अव्वा आली. तिचा आवाज खणखणीत निघाला. कुम्मे आली, हो म्हणाली, माझ्याकडे न बघता गेली. मग मी गेले. माझ्याच हातानं बसवलेल्या खांबावर मी तळहात ठेवला. शेजारी रैनूचा दगड होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि हो म्हटलं.

ठिपका उमटला. खांबाला काय, तो कुणाचंही ऐकतो.

शेवटचा हेमराज. मॅडमनी त्याच्याकडे बघून ओळखीचं हसून मान हलवली. तो पुढं आला आणि त्यानं हात ठेवला. सगळे वाट बघत होते. तांदळाच्या भांड्यावर माश्या बसल्या होत्या.

"नाई," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. मॅडम दोन पावलं पुढं आल्या. "लांजेवार, आपलं काय ठरलं होतं?"

"तुमी ठरवलं होतं, म्याडम. मी काई बोललो नवतो."

"अरे, तुझं लायसन..."

"नाई पाहिजे."

कुम्मे रांगेतून धावत आली आणि तिनं त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं. "खाट तुनंच उचलली ना रे! तुनं पाह्यलं ना सगळं! अना नाई म्हनतं?"

त्यानं तिला मारू दिलं. मागून कुणीतरी ओरडलं, याचा तुकडा काढून घ्या. कुणीतरी म्हणालं, काढायला पण याचाच होकार लागतो. एक दगड आला आणि त्याच्या खांद्याला लागला. लालसू गायत्यानं हात वर केला नसता तर आणखी आले असते.

"बोल," गायता म्हणाला. "नाई कायले?"

हेमराजनं खांबावरचा हात काढला. तो मॅडमशी बोलला, आमच्याशी नाही.

"तुमी म्हनता, ट्रकाले डोळे हाय. म्याडम, मले बी डोळे होते. मी झोपलो नवतो, पेलो नवतो. मले रैनू दुरूनच दिसला होता. बैल दिसला, बैलाची दोरी दिसली. त्यानं बी मले पाह्यलं. मी ब्रेकवर उभा झालो. पुरा उभा झालो. अना आमी दोघं एकमेकाले पाहत ऱ्हायलो, अना गाडी जात ऱ्हायली. नुस्तं दिसून काई होत नाई."

अव्वानं पदर तोंडाला लावला. हे त्यानं तिला कधी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला नव्हतं माहीत. मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की तसा रैनू गेला त्या दिवशीही आला नव्हता. माझ्या भावाला मारणारा माणूस माझ्या भावाच्या बाजूनं उभा होता, आणि मी, त्याच्या पाठची बहीण, हो म्हणून मोकळी झाले होते.

मॅडमनी छत्री मिटली. आता त्या हसत नव्हत्या. "ठीक आहे. मग पूल विसरा. ट्रक पंधरानं जातील. आम्ही चालवून घेऊ, पण पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडे येऊ नका."

त्या गाडीकडे वळल्या. तेव्हा कुम्मे हेमराजला सोडून त्यांच्यामागं गेली.

"थांबा जी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "पंधरानं तरी कायले जातीन? माह्या सुनेची खाट पान्यात उभी होती. भर मधात, उभी. तुमचे ट्रक बी उभे ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे?"

"पूल होयेपर्यंत उभे ऱ्हाऊ द्या." मग ती माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिनं मला नावानं हाक मारली. "जैनी, होते का तसं? खांबाले जमते का?"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. मला उत्तर माहीत होतं, पण हा प्रश्न मला इतक्या दिवसांत एकदाही सुचला नव्हता. आम्ही सगळे पंधरा की पन्नास यातच अडकलो होतो.

"जमतं," मी म्हटलं. "शून्य सांगितलं तर शून्य. खनिजाच्या ट्रकांपुरतं. रुग्णवाहिका जाईल, एसटी जाईल."

"असं करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "शून्य म्हणजे वेगमर्यादा नव्हे, रस्ता बंद. आम्ही कोर्टात जाऊ."

"जा," लालसू गायता म्हणाला. "आमी बी लय वर्षं गेलो. वाट मालूम हाय." आणि त्यानं सभेला विचारलं, "कोन नाराज हाय?"

कुणी नव्हतं.

मी खांब उघडून नवा आकडा घातला. एक कळ चुकली, पुन्हा दाबली. मग रांग नव्यानं लागली. सगळ्यात आधी कुम्मे. मग अव्वा, मग बाकीचे. मी हात ठेवला तेव्हा या वेळी रैनूच्या दगडाकडे बघितलं. शेवटी पुन्हा हेमराज उरला. तो खांबाजवळ आला, पण हात वर करेना. त्याच्या खांद्यावर दगड लागला होता तिथं सदऱ्यातून रक्त आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

"बोल," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

लालसू गायत्यानं चूल पेटवली.

भात शिजत असताना वरून ट्रकचा आवाज आला. नेहमीसारखा उतार धरून आला, दुरूनच मंदावला, आणखी मंदावला, आणि खांबाच्या अलीकडे येऊन उभा राहिला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पहिल्या ट्रकमध्ये वत्ते होता. त्यानं ॲक्सिलेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. त्यानं हॉर्न दिला, मागच्यांनीही दिला. मग तो खाली उतरला आणि तरातरा माझ्याकडे आला.

"काय केलंस हे?"

"मी नाही. गावानं."

"किती दिवस?"

"पूल होईपर्यंत."

रागानं त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यानं चुलीकडे बघितलं, मॅडमच्या निघून चाललेल्या गाडीकडे बघितलं, आणि परत जाऊन ट्रकच्या पायरीवर पाठ करून बसला. जेवायला बोलावलं, आला नाही.

पळसाच्या पानांवर भात वाढायचं काम माझ्याकडे आलं. मी ओळीनं वाढत गेले. रैनूच्या जागेवर हेमराज बसला होता. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही, हे तुम्ही लिहून घ्या. पण मी त्याच्या पानावर भात वाढला, आणि तो पुरे म्हणाला तरी आणखी एक डाव वाढला.

मग मी मान वर केली. वळणावर, रैनूच्या दगडापासून हातभर अंतरावर, तो ट्रक उभा होता. इंजिन चालू होतं, पाठीवर सगळा डोंगर भरलेला होता, आणि चाक जागचं हलत नव्हतं.

त्या दिवशीही तो असाच थांबायला हवा होता.